तीन निरोप, एक साक्ष

पहाटे ५.४५

गजर सहाचा लावलेला असतो, पण जाग त्याआधीच येते. खिडकीबाहेर मिट्ट काळोख. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा चालू आहे. ट्रॉनहाइमला आता सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. तिकडे गुहागर तालुक्यात, आमच्या गावात, आत्ता सव्वादहा वाजलेत. आईची भाजी फोडणीला पडली असेल. हिवाळ्यात नॉर्वे भारताच्या साडेचार तास मागे असतं. सुरुवातीला बोटांवर हिशोब करायचे, आता घड्याळाकडे पाहिलं की दोन्हीकडच्या वेळा एकदमच दिसतात.

आज डोळे उघडताच हात मोबाइलकडे गेला. परवा बाबांना अंगणात चक्कर आली होती. माडाच्या आळ्यापाशी मटकन बसले, दोन मिनिटांत उठलेही. घरच्या ग्रुपवर पुण्याहून दादाचा निरोप होता : ‘बाबा एकदम ठीक आहेत. काळजी करू नकोस.’ त्याखाली चिपळूणहून आत्याचा : ‘आता बरं आहे त्याला. तू तिकडे जिवाला लावून घेऊ नकोस.’ मग आईला फोन लावला.

“अगं, बरे आहेत. चहा झाला, पेपर वाचतायत. तुला कुणी सांगितलं एवढं?” तिच्या आवाजात मिक्सरची घरघर मिसळलेली. बाबांना फोन द्यायला सांगितलं, तर ते ओटीवरूनच ओरडले, “मी ठणठणीत आहे गं. तू तुझं काम बघ.”

पुणे, चिपळूण आणि घर. तिन्हीकडून एकच उत्तर. जीव भांड्यात पडला. चहाचं आधण ठेवलं.

सकाळी ७.३०

बुटांखाली खिळ्यांचे पट्टे ओढून घेतले. रात्री पडलेला बर्फ पहाटे घट्ट होतो आणि उतारावर पाय निसटला तर मनगटावर निभावतं असं नाही. मग कोटाला लोंबणारी ती छोटी चकाकती चकती चाचपून पाहिली. इथे हिवाळ्यात लहान मुलापासून आजीपर्यंत सगळे अशी चकती लावून फिरतात. गाडीच्या दिव्याचा झोत तिच्यावर पडला की ती झोत आल्या दिशेलाच परत पाठवते, आणि अंधारात चालणारा माणूस शंभरेक पावलांवरून चालकाला दिसतो. पहिल्या वर्षी माझ्या मार्गदर्शकांनीच ती माझ्या हातात ठेवली होती. “तुला सगळं दिसतं म्हणून तूही सगळ्यांना दिसतेस असं नाही,” ते म्हणाले होते. माझ्या विषयाचा पहिला धडा मला तिथेच मिळाला.

मी इथल्या एनटीएनयू विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक आहे. विषय डेटा फ्यूजन. निरनिराळ्या सेन्सरांनी सांगितलेल्या अर्धवट, कधी परस्परविरोधी गोष्टी एकत्र करून समोर नक्की काय आहे, कुठे आहे आणि किती वेगाने कुठे निघालंय, हे ठरवायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्या या ठरवण्यावर किती भरवसा ठेवायचा, तेही आकड्यात सांगायचं. गावी कुणी विचारलं तर मी सांगते, पंचनामा करते. साक्षीदार माणसांऐवजी यंत्रं असतात, एवढंच.

सकाळी ८.३०

राव्नक्लोआ हा शहरातला जुना मासळीचा धक्का. समोर कालवा, पलीकडे ब्राटोरा, मध्ये शंभरेक मीटर पाणी. पूर्वी इथे वल्ही मारून माणसांना पैलतीरी नेणारा नावाडी असे, त्याला ‘फ्लॉटमन’ म्हणत. २०२२ च्या शरद ऋतूत याच कालव्यात ‘मिलिअँपिअर २’ ही आमच्या विद्यापीठाची विजेवर चालणारी फेरीबोट शहरातल्या लोकांना घेऊन ये-जा करत होती. सुरक्षेसाठी एक माणूस बोटीवर असे, पण बोट चालवायची ती बोटच. प्रवाशाने यावं, बटण दाबावं, आणि आजूबाजूच्या होड्या बघत बघत बोटीने पलीकडे जावं, अशी ती कल्पना.

मला या कामाची ओढ लागली ती दाभोळच्या खाडीमुळे. दाभोळ ते धोपावे जाणारी फेरीबोट मी शाळेत असताना सुरू झाली. आमच्याकडे तिला जंगलजेटी म्हणतात. त्याआधी पलीकडे गाडी न्यायची तर चिपळूणवरून लांबचा वळसा. पहाटेच्या धुक्यात ती बोट निघाली की मी केबिनकडे टक लावून बसायचे. चालवणारा समोर बघायचा, मध्येच इंजिन मंद करून कानोसा घ्यायचा, शेजारी उभ्या असलेल्या खलाशाला एखादा शब्द विचारायचा. डोळा, कान, सोबत्याचा शब्द आणि रोजच्या वाटेची आठवण या चौघांचं तो मनात काय करत होता, त्याला नाव आहे हे मला फार पुढे कळलं.

आज धक्क्यावर आम्ही तिघं आहोत. तिकाटण्यावर सेन्सर उभे केलेत, कारण पडत्या बर्फातली मापं हवी आहेत आणि हवामान खात्याने सकाळचं हिम सांगितलंय. ही मंडळी एकदा ओळख करून घेण्यासारखी आहेत.

रडार सगळ्यांत थोरला. साधारण तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतो. अंधार, धुकं, बर्फ यांची त्याला फारशी पर्वा नाही. अंतर चोख सांगतो, दिशा मात्र जरा ढोबळ. आणि आजूबाजूला पूल, भिंती असल्या की लहर दोनदा आपटून येते आणि पाण्यात नसलेली होडी पडद्यावर उमटते. आम्ही तिला भूतच म्हणतो.

लायडार लेसरने मोजतो. सेकंदाला लाखो ठिपके, आणि ठिपका न् ठिपका सेंटिमीटरच्या हिशोबात. पण त्याची नजर आखूड, आणि बर्फाची प्रत्येक पाकळी त्याला वस्तू वाटते. आज पडद्यावर तिकाटण्याभोवती पांढऱ्या माश्यांचा थवा घोंघावतोय असं दिसत होतं.

कॅमेरा होडी कुठल्या दिशेला आहे ते केसाइतक्या बारकाईने दाखवतो, ती कयाक आहे की पडाव तेही ओळखतो. फक्त ती किती लांब आहे ते त्याला धड सांगता येत नाही, आणि या दिवसांत त्याला उजेड मिळतो तो पाच-सहा तासच.

चौथा साक्षीदार एआयएस. तो काही पाहत नाही. जहाज स्वतःच रेडिओवरून सांगतं की मी अमुक, इथे आहे, या वेगाने चाललोय. चौदा नॉटच्या आतल्या वेगाने जाणारं मोठं जहाज हे दर दहा सेकंदांनी सांगतं, नांगर टाकून उभं असेल तर दर तीन मिनिटांनी. माहिती नेमकी, पण ती ज्याची त्याने स्वतःबद्दल दिलेली. आणि कयाकवाल्याला तर ते यंत्र बाळगण्याची सक्तीच नाही.

या चौघांत निर्दोष एकही नाही, आणि माझा विषय नेमका तिथून सुरू होतो. होडी बहुधा कुठे असेल त्याचं प्रत्येकाचं उत्तर आम्ही लंबवर्तुळाने काढतो. खात्री जितकी कमी तितकं लंबवर्तुळ मोठं. रडारचं लंबवर्तुळ आडवं पसरतं, कारण त्याचं अंतर पक्कं आणि दिशा कच्ची. कॅमेऱ्याचं समोर लांबच लांब जातं, कारण त्याची दिशा पक्की आणि अंतर कच्चं. दोन्ही एकमेकांवर ठेवली की जिथे छेदतात तो तुकडा लहानसा असतो, आणि होडी त्याच तुकड्यात असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. हे पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आजही सुख होतं.

साडेदहाला एक कयाक आली. लाल टोपी, पाठीवर पिशवी, कामावर निघालेली कुणी बाई असावी. हिम जोरात होतं. लायडारने तिला माश्यांच्या थव्यात हरवलं, कॅमेऱ्याने टोपी धरून ठेवली, रडारने मध्येच एकदा अंतर दिलं. पडद्यावरचं लंबवर्तुळ फुगलं, आवळलं, पुन्हा फुगलं, पण तुटलं नाही. ती आमच्यासमोरून गेली तेव्हा आम्ही तिघांनीही नकळत हात वर केले. तिने वल्हं उचलून उत्तर दिलं. लिहिलेल्या प्रत्येक समीकरणाच्या टोकाला असं एक माणूस पाण्यात आहे, हे मी विसरू नये म्हणून तरी आठवड्यातून एकदा धक्क्यावर यायलाच हवं.

सकाळी ११.३०

नॉर्वेत जेवण साडेअकराला, आणि जेवण म्हणजे ‘मातपाक्के’ : घरून कागदात बांधून आणलेल्या पावाच्या चकत्या, वर चीज नाहीतर तपकिरी गोडसर ब्रुनुस्त. माझ्या डब्यात काल रात्रीची आंबोळी आणि लसणीची चटणी. आमचा विभाग ग्लोसहाऊगनच्या टेकडीवर आहे. टेबलाला विभागप्रमुख, तंत्रज्ञ, पीएचडीची मुलं, सगळे मिळेल त्या खुर्चीवर बसतात. इथे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची. मला पहिले सहा महिने मार्गदर्शकांच्या नावाला काही जोडल्याशिवाय तोंडातून हाकच निघत नसे. आता तोंड सरावलंय, पण मनात मी त्यांना अजून सरच म्हणते.

इथे पीएचडी ही रीतसर नोकरी आहे, पगार आणि सुट्ट्यांसकट. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींना शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी म्हणून अर्ज करताना पाहिलंय, म्हणून ही गोष्ट मी आवर्जून सांगते. पोस्टडॉकचं मात्र इथेही तसंच : करार ठरावीक वर्षांचा. माझा पुढच्या ऑगस्टला संपतो. त्यानंतर कुठे, हा प्रश्न रोज डब्याच्या झाकणासारखा उघडतो आणि मी तो रोज बंद करते.

आमच्या विभागाचा पाया येन्स ग्लाद बाल्खेन यांनी १९५४ मध्ये घातला. समुद्रात तेलविहिरीपाशी जहाज नांगर न टाकता जागच्या जागी धरून ठेवायची यंत्रणा १९७० च्या दशकात नॉर्वेत उभी राहिली, तिच्या मुळाशी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरलेला काल्मन फिल्टर होता. रुडॉल्फ काल्मन यांचा तो लेख १९६० चा. गाभा दोन ओळींचा आहे : मागच्या माहितीवरून पुढचा अंदाज बांधायचा, आणि नवं माप हातात आलं की दोघांच्या भरवशाच्या प्रमाणात अंदाज दुरुस्त करायचा. अपोलो यानांच्या दिशादर्शनातही हीच पद्धत होती. माझ्या मते धुक्यातला जंगलजेटीवालाही तेच करत होता.

दुपारी १२.१५

माझ्या खोलीच्या दारात एमएस्सीचा विद्यार्थी उभा. डिसेंबरच्या मध्याला त्याचा प्रकल्प-अहवाल द्यायचा आहे आणि चेहऱ्यावर तीन रात्रींचं जागरण. ऑक्टोबरमध्ये आम्ही फियॉर्डमध्ये एक लहान बोट फिरवली होती. तिच्यावर सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगणारा उपग्रह-रिसीव्हर बसवलेला होता. म्हणजे बोट प्रत्यक्षात कुठे होती ते आम्हांला ठाऊक आहे. प्रश्न इतकाच, की आमच्या फ्यूजनने ते किती बरोबर ओळखलं.

“सगळं छान जुळतंय,” तो म्हणाला, “पण ताळा चुकतोय.”

(तो इंग्रजीत बोलला. पण गणिताच्या मास्तरांनी शिकवलेला ‘ताळा’ हा शब्द सोडून मला या गोष्टीचा विचारच करता येत नाही.)

ताळा असा. फ्यूजन म्हणतं, बोट इथे आहे, आणि माझी चूक झालीच तर साधारण इतकीच असेल. खरी जागा माहीत असल्याने खरी चूक आपल्याला काढता येते. ती चूक आणि कबूल केलेली चूक यांचं गुणोत्तर विशिष्ट रीतीने काढलं, तर चार अज्ञातांसाठी, म्हणजे दोन जागेचे आणि दोन वेगाचे, सरासरी चारच्या आसपास यायला हवी. चारपेक्षा फार कमी आली तर यंत्र फाजील भित्रं, फार जास्त आली तर फाजील आत्मविश्वासाचं. याची सरासरी अकरा येत होती.

हे गुणोत्तर काढायची रीत कलकत्त्याहून आली आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस माणसांच्या शरीराच्या मापांची तुलना करत होते. दोन समूहांतलं अंतर नुसत्या फुटपट्टीने मोजून भागत नाही. मापांत मुळात किती विखुरलेपण आहे आणि एक माप दुसऱ्याशी कसं बांधलेलं आहे, हे धरून मोजायला हवं, हे त्यांनी १९३६ च्या लेखात मांडलं. आज सगळीकडे त्याला महालनोबिस अंतर म्हणतात. नवं माप आलं की ते या होडीचं की शेजारच्या, हेही आम्ही त्याच अंतराने ठरवतो. आणि कितीही हुशार रीत वापरली तरी अमुकपेक्षा जास्त अचूकता मिळणारच नाही, ही मर्यादा सांगणारं सूत्र सी. आर. राव यांच्या १९४५ च्या लेखात आहे, तोही कलकत्त्यातल्याच नियतकालिकात छापलेला. ध्रुववृत्ताजवळच्या या टेकडीवर ही दोन नावं दिवसातून दहादा उच्चारली जातात. उच्चार पार वेगळे. पण ऐकलं की मला वाटेत कुणी गाववाला भेटल्यासारखं होतं.

दुपारी १.००

अकरा कुठून आली? आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो.

पहिला संशय घड्याळांवर. प्रत्येक सेन्सर मापावर वेळेचा शिक्का मारतो. शिक्क्यात सेकंदाच्या दहाव्या भागाची गफलत असली, आणि आमची बोट त्या वेळी सेकंदाला दहा अंशांनी वळत असली, तर दिशेत एक अंशाची चूक. शंभर मीटरवर एक अंश म्हणजे पावणेदोन मीटर. एवढ्यात कयाक उजवीकडची डावीकडे होते. गेल्या वर्षी अशाच एका गफलतीने माझे तीन आठवडे खाल्ले, तेव्हापासून मी आधी घड्याळ बघते. घड्याळं चोख होती.

दुसरा संशय रडारच्या भुतांवर. पण फियॉर्डमध्ये पूल नाही, भिंत नाही. तेही नाही.

मग त्याने नकाशावर तीन रेघा एकावर एक टाकल्या. किनाऱ्यावरच्या आमच्या संगणकाने दिलेला मार्ग, बोटीच्या एआयएसने सांगितलेला मार्ग, आणि धक्क्यावरून संकेत पकडणाऱ्या आमच्या दुसऱ्या रिसीव्हरचा मार्ग. तिन्ही रेघा इतक्या मिळत्याजुळत्या की एकच जाड रेघ वाटावी. खऱ्या मार्गापासून मात्र तिन्ही सरकलेल्या, एकाच बाजूला.

“पण तिघंही तेच सांगतायत!” तो वैतागून म्हणाला.

मी विचारलं, “तिघांना सांगितलं कुणी?”

बोलून गेले आणि माझं मलाच उत्तर मिळालं. किनाऱ्यावरचा तो संगणक गेल्या वर्षी मीच बसवला होता. तो रडार आणि एआयएस आधीच एकत्र करून मार्ग देतो. वहीत मी तशी नोंद केली होती, पण या मुलाला सांगायचं राहून गेलं. दुसरा रिसीव्हर तर तोच रेडिओ-संकेत पुन्हा पकडत होता. आणि त्या दिवशी बोटीवरच्या एआयएसचा अँटेना एका बाजूला बसवला होता, तो फरक सेटिंगमध्ये भरायचा राहिला होता. म्हणजे बोटीने स्वतःबद्दल एक चुकीचं वाक्य उच्चारलं होतं. तेच वाक्य तीन तोंडांनी आमच्याकडे आलं, आणि आम्ही त्याला तीन साक्षी धरलं.

ही चूक आकड्यांत किती साधी दिसते पाहा. एका मापात साधारण पाच मीटर इधर-उधर आहे. तसंच दुसरं, पहिल्याशी काही संबंध नसलेलं माप मिळालं, तर दोघांच्या सरासरीतली चूक साडेतीन मीटरवर येते. तिसरं स्वतंत्र माप आलं की तीन मीटरच्या खाली. हे वाजवी आहे, ही मेहनतीची कमाई आहे. पण तेच एक माप तीनदा मोजलं, तर सूत्र बिचारं पुन्हा तीन मीटरच्या खालचाच आकडा सांगतं, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की साक्षीदार एकच आहे. खरी चूक पाच मीटरवर जिथल्या तिथे. वाढते ती फक्त खात्री. म्हणून लंबवर्तुळ लहान झालं, बोट त्याच्या बाहेर राहिली, आणि ताळा अकरावर गेला.

आमच्या क्षेत्रात या चुकीला जुनी ओळख आहे. एकाच माहितीची दोनदा मोजणी, किंवा सरळ ‘अफवा’. केंद्र एकच असेल तर ती पकडता येते. पण दहा केंद्रं एकमेकांना बातम्या देत असतील, तर एखादी बातमी फिरून फिरून मूळ सांगणाऱ्याकडेच परत येते आणि तो म्हणतो, बघा, मी म्हणत होतो तेच खरं. सायमन ज्युलियर आणि जेफ्री उलमन यांनी १९९७ मध्ये यावर एक सावध वाट दाखवली. दोन साक्षीदारांत किती लागेबांधे आहेत ते ठाऊक नसेल, तर ते वेगवेगळे आहेत असं गृहीत धरायचं नाही. निष्कर्ष असा काढायचा, की लागेबांधे कितीही असले तरी आपण फाजील खात्रीत सापडणार नाही. लंबवर्तुळ थोडं मोठं राहतं. पण बोट त्याच्या आत असते.

दुपारी २.४५

खिडकीबाहेर आकाश गुलाबी होऊन विझलं. विद्यार्थ्याने दुसरा रिसीव्हर काढून टाकला, किनाऱ्यावरच्या मार्गाला सावध रीत लावली, अँटेनाचा फरक भरला, आणि गणित पुन्हा चालवलं. आम्ही पडद्याकडे बघत उभे. लंबवर्तुळं आधीपेक्षा ऐसपैस. सरासरी : ४.६.

“अचूकता कमी झाली,” तो थोडा हिरमुसून म्हणाला.

“अचूकता वाढली,” मी म्हटलं. “कमी झाला तो दावा.”

तो क्षणभर थांबला आणि वहीत काहीतरी लिहू लागला. मी माझी चूक त्याच्या अहवालात स्पष्ट लिहायला सांगितली : हा संगणक आधीच एआयएस वापरतो, ही माहिती दिली गेली नव्हती. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलाचा महिना वाचेल.

दुपारी ४.१०

चारनंतर आमचा मजला रिकामा होतो. लोकांना बालवाडीतून मुलं आणायची असतात आणि इथे त्याबद्दल कुणी कुणाला डोळे वटारत नाही. मीही निघाले. टेकडीवरून खाली नदी दिसते, तिच्या काठच्या जुन्या लाकडी वखारींचे दिवे पाण्यात उतरलेले. उताराच्या मध्यावर पाय थांबले.

पुणे, चिपळूण आणि घर. तिन्हीकडून एकच उत्तर.

दादाला कुणी सांगितलं? तो पुण्यात आहे; त्याला आईने. आत्याला? तिला दादाने. आणि आईला? चक्कर आली तेव्हा आई विहिरीवर होती. तिला बाबांनीच सांगितलं, “काही नाही, जरा डोळ्यांपुढे अंधारी आली.” आणि बाबा स्वतःबद्दल काय सांगतात, ते आम्ही जन्मभर ऐकतोय. हाताला फावडं लागून टाके पडले तेव्हाही ते ठणठणीतच होते. दुपारभर त्या मुलासमोर हीच चूक फळ्यावर मांडत होते आणि पहाटे चहाचं आधण ठेवताना मी स्वतः तेच करून बसले होते. एका साक्षीदाराला तीन धरून खात्री वाढवून घेतली होती, कारण मला ती हवी होती.

तिथेच दिव्याच्या खांबाखाली उभी राहून हातमोजा काढला आणि शेजारच्या काकूंना फोन लावला. गावी पावणेनऊ. काकू आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या, निवृत्त झाल्यात. आमच्या घरातल्या कुणाकडून आलेलं नाही असं माप मिळेल, तर त्यांच्याकडूनच.

“काकू, बाबा तुम्हांला कसे दिसतात?”

काकू थोड्या थांबल्या. “बाय, विचारलंस ते बरं झालं. चार दिवस झाले, फिरायला निघतात ते मारुतीच्या देवळापासूनच परत फिरतात. आधी समुद्रापर्यंत जायचे ना? मी म्हटलं, उगाच कशाला घरात घबराट करा.”

“आत्ता जाऊन प्रेशर बघाल? बसलेले असताना एकदा, आणि उठून उभे राहिल्यावर एकदा?”

“मलापण तेच बघायचंय,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ५.००

घरी पोचेपर्यंत काकूंचा निरोप आला. बसून वरचा आकडा १३२, उभं राहिल्यावर १०६. पंधरा दिवसांपूर्वी रक्तदाबाची गोळी वाढवली होती, हेही त्यांनी बाबांकडून काढून घेतलं; आईला ते ठाऊकच नव्हतं. मग आईचाच फोन. आधी जरा रागावलेली, “एवढ्या लांबून काकूंना कशाला त्रास दिलास?” आणि मग आवाज खाली आणून, “पण बरं झालं गं.” बाबांनी फोन घेतला.

“अगं, काही नाही एवढं.”

“बाबा, काही नसेलच. पण तुम्ही सांगता म्हणून नाही, डॉक्टरांनी बघून सांगितलं म्हणून नसू दे.”

पलीकडे बराच वेळ समुद्रासारखी घरघर. मग म्हणाले, “बरं. जाऊ चिपळूणला.”

दादाला सगळं कळवलं. “मी नुसतं आईचंच पुढे सांगितलं गं,” तो म्हणाला. त्याचं काय चुकलं? दूर असलेल्या माणसाला धीर द्यावा, ही आमच्या घराची रीतच आहे. वाईट बातमी गाळत गाळत पाठवायची. गाळणाऱ्याची मायाही खरीच असते, फक्त पलीकडे पोचतं त्यात माप कमी आणि माया जास्त असते. तो उद्या पहाटेच्या एसटीने निघतोय.

रात्री ९.००

परदेशात राहून संशोधन करणाऱ्याच्या दिवसात अपमानही असतात, कौतुकही असतं, व्हिसाचे कागद असतात, एकटेपण असतं. पण सगळ्यांत अवघड काय, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन : घर आता मला फक्त सेन्सरांतून दिसतं. फोनचा पडदा, ग्रुपवरचे निरोप, दिवाळीतला दोन आठवड्यांचा मुक्काम. अंगणात उभं राहून बाबांची चाल बघणं, हे माप माझ्याकडे नाही. मग मला निदान हे तरी माहीत हवं की कोण कुणाचं ऐकून सांगतंय, आणि माझं लंबवर्तुळ खरोखर केवढं आहे. ते मोठं आहे. आज पहाटे मला वाटलं होतं त्याहून खूप मोठं.

झोपण्याआधी विभागाच्या सामायिक नोंदीत एक नियम घातला : यापुढे प्रत्येक मार्गासोबत, तो कुठल्या कुठल्या मूळ मापांवरून बनला, त्यांची यादी जोडायची. यादी नसेल तर तो मार्ग स्वतंत्र साक्ष म्हणून धरायचा नाही. लांबलचक झाला, पण कुणाला गैरसमज व्हायला नको.

मग काकूंना लिहिलं, की रोज सकाळी बसून आणि उभं राहून असे दोन्ही आकडे मला थेट पाठवाल का. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, उत्तर सकाळीच येणार. कोटाची चकती दाराजवळच्या खुंटीवर खिडकीतून येणाऱ्या दिव्यात चमकत होती. दादा चिपळूणला दुपारपर्यंत पोचेल, म्हणजे इथे पहाट उजाडायच्या आधीच. गजर साडेपाचचा लावला.